हरिलालच्या वाढदिवसाचं शूटिंग

१४ मार्च, हैदराबाद

वंशी,

माझा ओठ बरा आहे. आतून दोन टाके पडलेत, त्यामुळे तिखट खाता येत नाही, एवढंच. ऑफिसात सांगितलं, कॅमेऱ्याचं स्टँड तोंडावर आपटलं. तू विचारणार नाहीस म्हणून आपणहून सांगतेय. थोरल्या बहिणीच्या थोबाडीत ठेवून देऊन पळून जाणारा आपल्या घरात तू पहिलाच. बाप म्हणून नान्ना तुला पट्ट्यानं सोलून काढायचे, पण मारून झाल्यावर तिथेच खाटेवर बसून राहायचे. पळायची अक्कल त्यांना नव्हती.

तू निर्मल गावी मामाकडे आहेस हे शोधायला काही गुप्तहेर लागला नाही. मामीचाच फोन आला, "वंशी आलाय गं सौजन्या. ताटावरून उठून जातो. कॉलेजला सुट्टी आहे का?" मी म्हटलं, एका पोरीनं नकार दिलाय, चार दिवस तोंड फुगवून बसेल, लक्ष देऊ नका. तूही तेच धरून चाल. तुझा फोन बंद आहे तो बंदच राहू दे. विद्यापीठाच्या वकिलांनी बजावलंय, फोनवर एक अक्षर बोलायचं नाही की लिहायचं नाही, म्हणून हा कागद. निर्मलच्या बसचा ड्रायव्हर मामाच्या दुकानासमोर चहाला थांबतो. त्याच्याकडे पाकीट देतेय. उत्तरही त्याच्याकडेच दे.

आता नीट वाच. हरिलाल बरा आहे. पोटाला मार लागलाय, पण चार दिवसांत उठून बसेल. विद्यापीठाच्या चेअरमनसाहेबांच्या ओळखीचं इस्पितळ आहे, स्वतंत्र खोली आहे, टीव्हीसुद्धा आहे. तो हॉस्टेलच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडला. मी इन्स्पेक्टरना तसं लिहून दिलं, वॉर्डननंही दिलं. बाकीच्या पाच पोरांना मी एकेकाला समोर बसवून पाठ करून घेतलंय: केक कापला, फोटो काढले, हरिलाल टाकीवर चढला, पाय घसरला. तुझं नाव कुठेच नाही. त्या संध्याकाळी तू हॉस्टेलवर नव्हतासच. मी आहे ना, मग तू कशाला घाबरतोस?

रील मी काढून टाकलंय. अर्धा तास होतं तेवढ्यात अकरा हजार लोकांनी बघितलं. त्यात तू पाठमोरा आहेस, ओळखू येत नाहीस. चेअरमनसाहेबांचा वेगळाच ताप. आपल्या पोस्टरवरचा पोरगा नेमका प्रवेशाच्या हंगामात आडवा झाला, आणि खम्मम-महबूबाबादकडच्या प्रत्येक बसस्टँडवर त्याचाच हसरा चेहरा लागलाय. त्यांनी विचारलं, "सौजन्या, हे असं कसं झालं?" मी म्हटलं, सर, पोरं आहेत, मस्ती करतात.

आणि खरं सांग, वाढदिवसाच्या बंप्सनी, चार लाथांनी, कधी कुणाला काही झालंय? आपल्या हॉस्टेलात वर्षाला पाचशे वाढदिवस होतात. तुझ्या स्वतःच्या वाढदिवसाला तू तीन दिवस पालथा झोपायचास आणि वर हसायचास.

डोकं थंड ठेव. जेव. मामीला त्रास देऊ नकोस.

अक्का

१७ मार्च

वंशी,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. मामाच्या फोनवरून पोरांना विचारलंस वाटतं. "हरिलाल बरा नाही. त्याला सरकारी दवाखान्यात हलवलंय, प्लीहा काढून टाकलीय, मूत्रपिंड चालत नाही. तू शिडी म्हणालीस. तुला लाज वाटत नाही, अक्का?"

लाज! कुणी कुणाला शिकवायची? लाथ मी मारली का?

मी त्या संध्याकाळी काय केलं ते सरळ सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यात जे काही उकळतंय ते शांत होईल. रात्री बाराच्या ठोक्याला तुम्ही सगळ्यांनी त्याला खोलीतून ओढलंत, तोंडाला केक फासलात, अंडी फोडलीत, चौघांनी हातपाय धरून त्याला झुलवलंत आणि एकोणीस वर्षांच्या एकोणीस लाथा घातल्यात. ते मी बघितलं नाही, कुणाला सांगितलंही नव्हतं. सकाळी तुमच्यापैकीच एकानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मला दाखवला. अंधार, आरडाओरडा, कुणाचा चेहरा दिसत नाही. पण त्यात जीव होता रे. मी म्हटलं, संध्याकाळी पाच वाजता हिरवळीवर ऊन छान असतं, तेच पुन्हा करा, हलक्यानं करा. "हलक्यानं" हा शब्द मी तीनदा म्हटला. तुझी लाथ हलकी नव्हती. निळे बूट आहेत त्या चित्रात, मीच घेऊन दिलेले. लोकांना दिसत नाहीत, मला दिसतात. तेव्हा मला लाज विचारण्याआधी जरा खाली आपल्या पायांकडे बघ.

आणि हे कशासाठी करते मी? हौस आहे का मला पोरांना लाथा मारताना बघायची? पूर्वी विद्यापीठानं नोकऱ्यांचे आकडे छापले की आईबाप पोरांना घेऊन रांगेत उभे राहायचे. आता पोरंच आईबापाला घेऊन येतात. त्यांना प्रयोगशाळा दाखव, ग्रंथालय दाखव, जांभया देतात. त्यांना विचारायचं असतं की इथे मित्र मिळतील का, मजा येईल का. मग आम्ही मजा दाखवतो. खरी दाखवतो, भाड्याचे नट आणत नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या विद्यापीठानं होळीचा व्हिडिओ टाकला आणि दोन दिवसांत त्यांच्या फॉर्मांची साइट बसली. त्या दिवशी चेअरमननी बैठकीत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं विचारलं, "आपल्याकडे तरुण मुलं आहेत ना? की नाहीत?" तुझी निम्मी फी माफ आहे ती माझ्या या नोकरीमुळे. हरिलालची पूर्ण माफ आहे ती त्याच्या हसण्यामुळे. तांड्यातून आलेला पोरगा, बाप दुसऱ्याच्या मिरचीत राबतो. त्याचे पुढचे दोन दात फाकलेले, हसला की माणूस बघतच राहतो. त्याला मीच शोधला. "तुमच्या घरातही एक हरिलाल आहे" ही ओळ माझी.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. शिडीवरून पडला म्हटल्यावर गच्चीचं दार उघडं कुणी ठेवलं हा प्रश्न येणारच. पोलिसांनी एल्लय्याला उचललंय. तोच, हॉस्टेलचा वॉचमन, तुम्हाला उशिरा आत घेणारा. कालपासून ठाण्यात आहे. दोन दिवसांत सोडतील म्हणतात.

पुढच्या पत्रात मला लाज वगैरे शिकवू नकोस.

अक्का

२० मार्च

वंशी,

आज अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

सकाळी साडेदहाला हरिलालच्या तांड्यातली माणसं आली. दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून, सत्तर-ऐंशी जण, बायकासुद्धा. मुख्य फाटकावर गुरख्यानं "कुणाला भेटायचंय?" विचारलं आणि पहिली काठी त्याच्याच डोक्यात बसली. मी वरच्या काचेतून बघत होते. तो खाली बसला, दोन्ही हातांनी डोकं धरून, आणि त्याच्या बोटांमधून रक्त यायला लागलं. मग दगड सुरू झाले. प्रवेशकक्षातली ती संगमरवरी मांडणी, पाण्याचा पडदा, विद्यापीठाची काचेतली प्रतिकृती, सगळ्याचा पाच मिनिटांत चुरा झाला. आमच्या ऑफिसातल्या मुली टेबलांखाली घुसल्या. मी घुसले नाही. मला वाटलं मी बोलेन, समजावेन. बोलणं हेच तर माझं काम.

एका बाईनं माझे केस धरले. हिसडा असा होता की मान मोडली असं वाटलं. तिनं मला जिन्यावरून खाली ओढत नेलं, पायऱ्या पाठीला एकेक लागत होत्या. खाली कुणीतरी पोटात लाथ घातली. वंशी, मला पोटात लाथ पहिल्यांदाच बसली. श्वास जातो आणि परत येत नाही. तोंड उघडं राहतं आणि आवाज निघत नाही. नान्नांनी मला कधी हात लावला नाही, पोरगी म्हणून मी सुटले, सगळं तुझ्या वाट्याला आलं. मला खरंच माहीत नव्हतं की असं होतं.

तेवढ्यात एक किडकिडीत माणूस मध्ये घुसला, डोक्याला लाल पंचा. "हिला सोडा! हिला नका हात लावू! ह्या मॅडमनी माझ्या पोराचा फोटो मोठा केला!" तो दसरू. हरिलालचा बाप. त्यानं माझ्या अंगावर आडवं पडून दोन लाथा स्वतःच्या पाठीवर घेतल्या.

दुपारी चेअरमननी मला सरकारी दवाखान्यात पाठवलं, त्या माणसाशी गोड बोलून ये म्हणून. हरिलालला नळ्या लावल्यात, पोट फुगलंय, चेहरा पिवळा पडलाय. शुद्ध नाही. डॉक्टर माझ्यावर ओरडला, "पहिले दोन दिवस त्या खाजगी इस्पितळात काय करत होतात तुम्ही? टीव्ही दाखवत होता?" तिथे ठेवायचं आम्हीच ठरवलं होतं, बातमी बाहेर जाऊ नये म्हणून. मी त्या ठरवणाऱ्यांत होते.

दसरू बाहेर व्हरांड्यात फरशीवर बसला होता. मला बसायला त्यानं स्वतःचा पंचा अंथरला. म्हणाला, "परवा इकडं येताना महबूबाबादच्या स्टँडावर बस बदलली मॅडम, तवा पोरगा वरनं बघून हसत होता. एवढा मोठा. मी कंडक्टरला म्हटलं, ह्यो माझा."

मग म्हणाला, "ती शिडी किती उंच हाय?"

मी म्हटलं, बारा फूट.

"बारा फूट," तो म्हणाला. "मॅडम, माझा पोरगा सहा वर्साचा असल्यापासून चिंचेच्या शेंड्यावर जाऊन मधाची पोळी काढतो. तो बारा फुटावरनं पडंल व्हय? आन पडला तर पाठीवर वण कसले उठलेत? मी बघितलं, अंग पुसताना. बुटाच्या तळव्याची नक्षी उमटलीय."

मी उठून आले. पंचा तसाच राहिला, घडीसुद्धा केली नाही.

घरी आले तर दारात एल्लय्याची बायको, हातात डबा. ठाण्यात डबा घेत नाहीत म्हणे. काल तिला दोन मिनिटं भेटू दिलं. त्याच्या तळपायांवर रूळ फिरवलाय, उभं राहता येत नाही. सही कर म्हणतात, दार मी उघडं ठेवलं म्हणून. "तुम्ही चेअरमनसाहेबांना एक शब्द सांगा, अम्मा. ते तुमचं ऐकतात." मी हो म्हटलं. दार लावून घेतलं.

तू काय करतोयस तिथे? दिवसभर झोपतोस? तुझ्या त्या पाठ केलेल्या चार ओळी पुरे झाल्या, मोठं पत्र लिही.

अक्का

२२ मार्च

वंशी,

हरिलाल काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गेला.

संध्याकाळी चेअरमनचा पुतण्या किरीटी माझ्या घरी आला, बरोबर दोघं. चहा विचारला तर म्हणाला, नको अक्का, कार्ड द्या. कॅमेऱ्यातलं कार्ड. मी म्हटलं, सकाळी ऑफिसात देते. त्यानं माझ्या मानेमागे हात घातला, अगदी मायेनं घालतात तसा, आणि कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा. मग पुन्हा विचारलं, तितक्याच नरम आवाजात. मी कपाटातून काढून दिलं. त्यानं स्वयंपाकघरात जाऊन अम्मानं पाठवलेला चटणीचा दगडी वरवंटा घेतला, ओट्यावरच कार्डाची भुकटी केली, भुकटी सिंकमध्ये धुऊन टाकली आणि जाताना म्हणाला, "चेअरमनसाहेब तुम्हाला संपूर्ण प्रसिद्धी विभाग देणार आहेत. पुढल्या महिन्यापासून. जखमेवर बर्फ लावा."

त्याला माहीत नाही की शूटिंग संपल्यासंपल्या मी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवते. चार वर्षांपूर्वी दीक्षान्त समारंभाचं सगळं चित्रण गेलं होतं, तेव्हापासूनची सवय. डिस्क तांदळाच्या डब्यात होती.

ते गेल्यावर मी ती लावली. मी लोकांना दाखवले ते आठ सेकंद. मूळ चित्रण अकरा मिनिटांचं आहे. त्या संध्याकाळनंतर मी ते उघडलं नव्हतं. तुला मात्र त्यातलं सगळं पाठ असेल, तू तिथे होतास आणि म्हणूनच माझ्या तोंडावर मारून गेलास. आता मी लिहिते, तू चूक काढ.

सुरुवातीलाच तू कॅमेऱ्यासमोर येतोस. म्हणतोस, "अक्का, आज नको. रात्री याला जास्त झालंय. सकाळी ओकत होता." माझा आवाज येतो, "तू बाजूला हो, मध्ये येतोयस." मग हरिलाल पोटावर हात ठेवून येतो. हसतो. "मॅडम, थोडं दुखतंय. उद्या केलं तर?" मी म्हणते, "उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे राजा. दोन मिनिटं. तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं?" पूर्ण फी माफ असलेला पोरगा यावर काय बोलणार? तो म्हणतो, "बरं मॅडम."

तुला मी सांगितलं होतं की "हलक्यानं" हा शब्द मी तीनदा म्हटला. एकदाच म्हटलाय. त्यानंतर मी म्हणते, "खोटं वाटतंय रे. नाटक चाललंय का? रात्री केलंत तसं करा."

आणि आता ते, जे मी तुलाच काय, स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तुम्ही त्याला नेहमीसारखं धरलं होतंत, चौघांनी, पाठ खाली करून, लाथा खालून, ढुंगणावर. त्यानं माणूस मरत नाही. पण तसं धरलं की त्याचा चेहरा आकाशाकडे जातो आणि माझ्या कॅमेऱ्याला नुसती हनुवटी दिसते. मला त्याचं हसू हवं होतं. मी म्हटलं, "वळवा त्याला. कुशीवर करा. तोंड माझ्याकडे." तुम्ही वळवलंत. मग लाथा कुठे बसणार? मागून बरगडीखाली आणि कमरेत, पुढून पोटात. तिसरी लाथ तुझी. तू लाथ मारायच्या आधी मागे वळून माझ्याकडे बघतोस, तोंड वाकडं करून. मी म्हणते, "बघतोस काय, मार." तू मारतोस, जोरात, मला मारतोयस अशी. त्या लाथेला हरिलालचा चेहरा पांढरा होतो. आणि तरी तो हसतो, वंशी. दोन फाकलेले दात दाखवून हसतो, कारण मी ओरडतेय, "हास, हास, हरिलाल, आई बघणार आहे!" तेच आठ सेकंद मी लोकांना दाखवले.

त्याला चालता येत नव्हतं तेव्हा मी सुंदर झालं, सुंदर झालं म्हणत टाळ्या वाजवतेय. तासाभरानं तो न्हाणीघरात पडला, तेव्हा मी त्या चित्रावर संगीत चढवत होते.

मी तुला वाचवतेय असं मी तुला आणि स्वतःला नऊ दिवस सांगत आले. ते खोटं आहे. तू पकडला गेलास तर तू बोलशील याची मला भीती होती. तू एकटाच होतास ज्यानं नको म्हटलं होतं.

एल्लय्यानं आज सही केली. आता सदोष मनुष्यवधाचं कलम त्याच्यावर लागेल, दार उघडं ठेवल्याबद्दल. डिस्क माझ्यासमोर टेबलावर आहे. दिली तर मी जाते, तू जातोस, बाकीची पाच पोरंही जातात. नाही दिली तर एल्लय्या जातो. तू सांग. एकदा तरी तू सांग आणि मी ऐकते.

अक्का

२४ मार्च, पोलीस ठाणे

वंशी,

तुझं उत्तर काल सकाळीच मिळालं. मला वाटलं होतं तू शिव्या घालशील, दे म्हणशील, मला सोपं करशील. तू "नको देऊस" पाच वेळा लिहिलंयस. "मी एकवीस वर्षांचा आहे अक्का, मला तुरुंगात मारतील, मला मार सहन होत नाही, तुला माहीत आहे." हो, माहीत आहे. नान्नांच्या पट्ट्याचा नुसता आवाज ऐकून तुला चड्डीत व्हायचं आणि मी दारात उभी राहून बघायचे. आपल्या घरात तो रोजचाच कार्यक्रम होता, मला त्यात विशेष काही वाटायचं नाही. म्हणून तर मी हे सगळं भिंगातून इतक्या शांतपणे बघू शकले.

मी ऐकेन म्हटलं होतं. ऐकलं नाही. तुझं पत्र पर्समध्ये घालून मी महबूबाबादची बस धरली.

तांड्यात पोचले तेव्हा दसरू अंगणात बसला होता, डोकं भादरलेलं. हरिलालची आई सोनी आतल्या खोलीत होती, तिचं रडणंही थांबलं होतं. मी सांगितलं, शिडी नव्हती. मी सांगितलं, माझ्याकडे चित्र आहे. दसरूच्या पुतण्यानं डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली. मी म्हटलं, एकटे बघा. दसरू म्हणाला, "तुमी अख्ख्या मुलखाला दाखवलंत, मग आमी घरात लपून बगायचं?" सगळा तांडा जमला. अकरा मिनिटं कुणी हललं नाही. माझा आवाज त्या अंगणात इतका मोठा येत होता. "वळवा त्याला." "बघतोस काय, मार." "हास, हरिलाल." ते सगळे तेलुगू समजतात, त्यांना कुणी अर्थ सांगावा लागला नाही.

सोनी उठली. तिच्या हातात मिरची कुटायचं मुसळ होतं, आणि तिनं पहिला घाव माझ्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला आला. मग इतर बायका आल्या. कुणी चपलेनं, कुणी नुसत्या हातानं. एकीनं मूठभर माती माझ्या तोंडात कोंबली. मी पडले तेव्हा दसरू तिथेच बसला होता, हाताच्या अंतरावर. या खेपेला तो मध्ये पडला नाही. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्यानं मान दुसरीकडे फिरवली. त्यांना थकवा आला तेव्हा त्या थांबल्या.

मग त्यानंच पाणी दिलं. "पोरी, तू हे घेऊन आलीस कशाला? जाळून टाकायचं हुतंस." मी खरं ते सांगितलं, की मला झोप येत नाही. तो म्हणाला, "मला बी येत न्हाई," आणि पुतण्याला म्हणाला, ट्रॉली काढ.

निघायच्या आधी त्या पोरानं चित्रण तांड्यातल्या सगळ्या मोबाइलांवर उतरवलं, म्हणजे किरीटीला वरवंटे कमी पडावेत. ठाण्यात इन्स्पेक्टरनं आधी माझा खांदा बघितला आणि "मॅडम, कुणी मारलं, तक्रार करायचीय?" असं विचारलं. मी म्हटलं, नाही, जबाब बदलायचाय. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण बाहेर दोन ट्रॉल्या उभ्या होत्या आणि तांड्यानं आणलेला वकील होता, त्यामुळे त्यानं लिहून घेतलं. चेअरमनचं, इस्पितळाचं, किरीटीचं, वॉर्डनचं, सगळं. माझं सर्वांत आधी.

एल्लय्याला आज दुपारी सोडलं. बायकोच्या खांद्यावर हात टाकून, टाचांवर चालत गेला. माझ्या कोठडीसमोरूनच वाट होती. मी हाक मारली. तो थांबला नाही.

तू शूटिंगच्या सुरुवातीला काय म्हणाला होतास ते चित्रात स्पष्ट ऐकू येतं. मी वकिलाला ते तीनदा ऐकवलंय. तू नको म्हणालास आणि तरी मारलंस, दोन्ही त्यात आहे, मी एकही सेकंद कापलेला नाही. न्यायाधीश काय ते बघेल. तुला तिथे मार बसेल, वंशी, खोटं कशाला बोलू. मला बसला. मरत नाही माणूस, तोंड समोर करून कुणी धरलं नाही तर.

अम्माला मी कळवलंय. तिनं फोन ठेवला.

हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे दिलेलं नाही. ज्यांनी ते तुझ्या हातात दिलं ते हेड कॉन्स्टेबल राजमल्लू आहेत. वयस्कर आहेत, साधे कपडे घालून यायचं कबूल केलंय, म्हणजे मामाच्या दुकानासमोर तमाशा होणार नाही. तू वाचून होईपर्यंत ते थांबतील, तेवढं मी मागून घेतलंय. मामीला सांग, त्यांना चहा करा. अंगात जाड शर्ट घाल. निळे बूट घालून नीघ, त्यांना ते लागणार आहेत.

आणि गोठ्याकडच्या मागच्या दारानं जायचा विचार करू नकोस. तिथे दुसरा शिपाई उभा आहे. त्या दाराचं मीच सांगितलं.

तुझी अक्का